दुपारच्या नोंदी

कुंदा, तू गेल्यावर तिसऱ्याच दिवशी मी तुझी खुर्ची हलवली. विभागातल्या लोकांना ते बरं वाटलं नाही. पण ती विंड टनेलच्या, आपल्या वाऱ्याच्या बोगद्याच्या, तोंडासमोर होती, आणि हवा जिथून आत ओढली जाते तिथे खुर्ची ठेवून घेतलेल्या नोंदीला काही अर्थ नसतो, हे तूच मला शिकवलंस. आता ती कपाटाशेजारी आहे. तिच्यावर कुणी बसत नाही. बसायला हरकत नाही असं मी सांगितलंय.

शोकसभेत एकजण म्हणाले की तू विज्ञानाची मूक साधिका होतीस. मूक! तू मूक असतीस तर पंचवीस वर्षांत माझे किती तास वाचले असते याचा मी खाली मान घालून हिशेब करत होते. मलाही बोलायला सांगितलं होतं. तब्येत बरी नाही म्हणून टाळलं. तब्येत बरी होती. त्या दिवशी सकाळीच आपल्या शोधनिबंधाचं प्रूफ आलं होतं. तीन दिवसांत तपासून परत पाठवायचं होतं. त्यावर माझ्या नावाशेजारी तुझं नाव होतं, आणि ते काढ असं तू मला सांगून गेली होतीस. जिचं ऐकलं नाही तिच्याबद्दल माइकसमोर चार चांगले शब्द बोलणं मला जमलं नसतं. जे बोलायचं ते इथे बोलते.

वाचणाऱ्यांना आपलं काम ठाऊक नसेल, म्हणून आधी ते सांगते. तुला कंटाळा येईल, पण इलाज नाही.

खवळलेला वारा सगळीकडे सारखा खवळलेला नसतो. बराच वेळ नुसती चुळबुळ असते, मग एकाएकी जोराचा झटका येतो, पुन्हा चुळबुळ, मग पाठोपाठ दोन-तीन झटके. हे झटके थोडे असतात, पण वाऱ्याची बरीचशी ताकद त्यांच्यातच खर्च होते. पुस्तकात याला आंतरायिकता म्हणतात. तू झटकेच म्हणायचीस. ते मोजायचे तर केसाहून कितीतरी बारीक अशी टंगस्टनची तार दोन सुयांच्या टोकांवर जोडायची आणि विजेने तापवायची. वारा तिला थंड करायला बघतो आणि यंत्र तिला तापलेलं ठेवायला बघतं. त्यासाठी किती वीज लागली ते पाहिलं की वारा किती होता ते कळतं. सेकंदाला हजारो आकडे मिळतात. त्या आकड्यांच्या रांगेतून झटके शोधणं, ते किती मोठे, किती दूरदूर, नेहमीच्या चढउतारांच्या मानाने किती वेगळे हे काढणं, हे माझं काम. तार जोडणं आणि नोंद घेणं हे तुझं.

ही वाटणी पहिल्याच वर्षी ठरली. मी सूक्ष्मदर्शकाखाली एकामागून एक चार तारा तोडल्यावर तू माझं मनगट धरून बाजूला केलंस.

"विद्ये, हात काढ. तुहे हात आकड्यायचे आहेत, तारेचे नाही."

"शिकेन ना."

"शिकशीन, पण तार कुठून आणू?"

मी नागपूरच्या महाल भागातली, बापाने जन्मभर कारकुनी केलेली. तू काटोलकडची, कपाशीच्या वावरातून आलेली. लोकांना वाटायचं की गणित मला शोभतं आणि हातकाम तुला. ते चूक होतं. तुझं गणित माझ्याइतकंच चांगलं होतं. फक्त आकडा आला की तू आधी विचारायचीस, हा कुठून आला. मी विचारायचे, याचं पुढे काय होतं.

पऱ्हाट्यांची कल्पनाही तुझीच. जगभर या प्रयोगात हवेच्या वाटेत एकसारख्या चौकोनांची जाळी लावतात. तिच्यामागचा वारा कसा वागतो, झटके किती येतात, हे सगळं मोजून झालेलं आहे. तू एका फेब्रुवारीत तुझ्या दादाकडून, गजाननभाऊंकडून, वाळलेल्या पऱ्हाटीचे दोन भारे मागवलेस. कापूस वेचून झाल्यावर उरलेली ती झुडपं. मी विचारलं, टनेलमध्ये कुंपण घालणार आहेस का.

"कुंपणच पाहाचं आहे. तुही जाळी सारखीच्या सारखी, चौकोन चौकोन. असा वारा कोणाच्या वावरात वाहते?"

"कापूस चिकटेल तारेला."

"बोंडं कवाच वेचली वं. कापूस तुह्या डोक्यात आहे."

कल्पना पक्की होती. पऱ्हाटीला एक जाड खोड असतं, त्याला बारीक फांद्या, त्यांना आणखी बारीक. वारा तिच्यातून जाताना एकाच मापाने नाही, अनेक मापांनी फाटतो. म्हणजे मागे येणारे झटकेही वेगळे असायला हवेत. किती वेगळे, हे कुणाला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं म्हणून तर मोजायचं होतं. हे वाक्य मला तेव्हाही मान्य होतं. पुढे मी ते विसरले.

एप्रिल-मे असा दीड महिना तू नोंदी घेतल्यास. सकाळी दोन, दुपारी दोन. आपल्या नागपूरचा मे. खिडकीत कूलर होता, पण तो लावायचा नाही हा नियम. कूलर गारव्याबरोबर पाण्याचे बारीक थेंब फेकतो, टनेल ते खोलीतल्या हवेबरोबर आत ओढतो, आणि एखादा थेंब तापलेल्या तारेवर बसला की तार क्षणभर एकदम थंड होते. आकड्यांत मोठी उसळी दिसते. वाऱ्याचा झटकाही तसाच दिसतो. म्हणून नोंद चालू असताना कूलर बंद, दार बंद. तू डोक्यावर ओला दुपट्टा टाकून, ऊन लागू नये म्हणून कमरेला कांदा खोचून आत बसायचीस. एक विद्यार्थिनी हसली तर म्हणालीस, हस, पण उद्यापासून तूही एक आणत जा. मी समोरच्या खोलीत असायचे. माझ्या खोलीत नियम नव्हता, तिथला कूलर दिवसभर चालू होता.

जुलैत मी विश्लेषण सुरू केलं. झटके नेहमीच्या चढउतारांच्या मानाने किती टोकाचे आहेत हे सांगणारा एक आकडा असतो. साध्या जाळीमागे तो किती येतो हे ठरलेलं आहे. आपला त्याच्या कितीतरी वर गेला. मी ताबडतोब म्हणाले, थेंब. उन्हाळ्यातल्या नोंदी, शेजारी कूलर, दुसरं काय असणार. मी गाळणी लिहिली. अमुक मर्यादेपलीकडचा आकडा दिसला की तो काढायचा आणि दोन्ही बाजू सरळ रेषेने जोडायच्या. मर्यादा किती ठेवायची? ती मी खाली खाली आणत गेले आणि आपला आकडा साध्या जाळीच्या आकड्याच्या आसपास आला तिथे थांबवली.

हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. निबंधात मी "प्रचलित पद्धतीने शुद्धीकरण" असं लिहिलं होतं.

तू माझ्या मागे उभी राहून पडद्यावरचा आलेख पाहिलास.

"हे काय केलं वं?"

"साफ केलं."

"जे पाहाले बसलो तेच झाडून टाकलं. मंग उरलं काय, खोली?"

"कुंदा, थेंब आहेत ते."

"सकाळच्याईत थेंब नाहीत."

"आणि दुपारच्यांत?"

तू खिडकीकडे पाहिलंस. आता वाटतं, मी तेव्हाच खुर्ची फिरवून तुझ्या तोंडाकडे नीट पाहायला हवं होतं. मी पडद्याकडेच बघत होते.

"दुपारच्या सोडून दे."

"सोडून दे म्हणजे? अर्ध्या नोंदी आहेत त्या. कारण सांग."

"सोड म्हणून राहिली ना मी. सकाळच्या घे, अन् त्याईले हात लावू नको."

"निबंधात काय लिहू? कुंदा म्हणाली म्हणून?"

"लिही."

आणि तू चहाला निघून गेलीस. मी पाठीमागून ओरडून तुला शास्त्र शिकवलं. कारण न देता नोंदी फेकणं हे आपल्या कामातलं सगळ्यांत मोठं पाप आहे, असं म्हणाले. हे मी गाळणी चालू असताना म्हणत होते. तुझ्याकडे कारण होतं आणि तू ते सांगत नव्हतीस. मी कारण सांगत होते, पण ते उसनं होतं. दोघींपैकी कोण जास्त चुकत होतं हे मला आज सांगता येतं.

ऑगस्टभर तोच वाद चालला. तू कधी डब्याचं झाकण लावता लावता, कधी जिन्यात, कधी मी घाईत असताना एक वाक्य टाकून जायचीस. "पऱ्हाटीले जाळी बनवून टाकली हिनं." "वाऱ्याले विचारलं का, तू इतकाच वाहशीन का म्हणून?" मी चिडायचे. मला घाई होती. प्राध्यापकपदाची मुलाखत येणार होती आणि माझ्या यादीत एक निबंध कमी पडत होता. तुला पद नको होतं. त्यामुळे तुझा हट्ट तुला परवडतो असं मी एकदा तोंडावर म्हणाले. त्यावर तू नुसती पाणी प्यालीस.

सप्टेंबरात मी निबंध पाठवून दिला. पाठवताना एका चौकटीत खूण करावी लागते: सर्व लेखकांनी हा मजकूर वाचला आहे व तो त्यांना मान्य आहे. मी खूण केली. त्याची सूचना तुझ्या कॉलेजच्या मेलवर गेली असणार. ती मेल तू उघडत नाहीस हे मला माहीत होतं.

मधेच एक गोष्ट सांगते, कारण ती सांगायची राहून जाईल. माझ्या पीएचडीच्या शेवटच्या वर्षी आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि मी तीन आठवडे महालातून बाहेर पडले नाही. परत आले तर टेबलावर माझ्या उरलेल्या सगळ्या नोंदी घेऊन ठेवलेल्या होत्या, तारीखवार, माझ्या नावाने. तुझं स्वतःचं काम त्या काळात जागच्या जागी होतं. मी आभार मानायला तोंड उघडलं तर तू म्हणालीस, तारा तुटून राहिल्या होत्या, सवय ठेवाले घेतल्या. आभार राहून गेले. पुढे इतकी वर्षं गेली की मानणं विचित्र वाटायला लागलं. आता मानते.

नोव्हेंबरात निबंध स्वीकारल्याची मेल आली. मी संत्राबर्फी आणली. तू जिन्यात भेटलीस, वर येत होतीस, थांबत थांबत. मी डबा पुढे केला.

"कायची वं?"

"निबंध स्वीकारला."

"कोणता?"

एवढं विचारून तू माझ्याकडे पाहत राहिलीस. मला वाटतं तुला तेव्हाच कळलं होतं.

"पऱ्हाटीचा."

तू डब्याचं झाकण लावलंस आणि डबा माझ्या हातात परत दिलास.

"माह्यं नाव काढ."

"आता काढता येत नाही."

"मंग मागं घे."

"कुंदा, पुढच्या महिन्यात मुलाखत आहे माझी."

"मले माहीत आहे. म्हणूनच तर एवढे दिवस नुसती बोलून राहिली, वर जाऊन सांगतलं नाही कोणाले."

"मुलाखत झाली की बसू. तू म्हणशील तसं सगळं पुन्हा करू."

"तवा ते छापून झालं राहीन. अन् त्याच्यावर माह्यं नाव राहीन."

आणि तू तिथेच पायरीवर बसलीस. मला वाटलं, रागाने बसलीस. मी तुला ओलांडून खाली गेले.

नऊ दिवस आपण बोललो नाही. पंचवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आपण भांडायचो ते बोलूनच. मी रोज सकाळी दार वाजलं की मान वर करायचे आणि तू आत आलीस की पुन्हा खाली घालायचे. सातव्या दिवसापासून तू आली नाहीस. मी विचारलं नाही. दहाव्या दिवशी सकाळी गजाननभाऊंचा फोन आला.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी ते तुझं सामान न्यायला आले. म्हणजे शोकसभेच्याही दुसऱ्या दिवशी. प्रूफ परत पाठवायला तेव्हा दोन दिवस उरले होते. त्याच सकाळी विभागप्रमुख माझ्या खोलीत येऊन बसून गेले होते. त्यांना मी अडचण अर्धीच सांगितली, की काही मुद्द्यांवर कुंदाचं वेगळं मत होतं.

"मॅडम, आता त्या राहिल्या नाहीत," ते म्हणाले. "त्यांच्या नावाने एक चांगला निबंध येतोय. खाली एक ओळ टाका, हा त्यांच्या स्मृतीस अर्पण. यापेक्षा मोठी श्रद्धांजली कोणती?"

वाईट माणूस नव्हे. मलाही क्षणभर ते पटलं. पटलं हे लिहून ठेवते.

गजाननभाऊंनी तुझा डबा, चपला, दुपट्टा, चष्म्याचं घर एका पिशवीत भरलं.

"ताई, हे तारेचं सामान?"

"ते कॉलेजचं आहे."

"अन् ह्या पऱ्हाट्या? जाळाले नेतो म्हटलं."

"राहू द्या. लागतात."

ते स्टुलावर बसले. पाणी दिलं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, बंद दार, बंद खिडकी, कूलर.

"एवढ्याशा खोलीत कुंदा उन्हाळ्यात बसे?"

"दीड महिना बसली."

"डॉक्टरनं तर मार्चातच सांगतलं होतं तिले, हृदय थकलं आहे, उष्णतेत बसू नका म्हणून. मी म्हटलं, सुट्टी घे. तर म्हणे, विद्याचं काम अडते. म्हणे, कूलर आहे गा दादा तिथं, काहून चिंता करतं."

मी विचारलं, मार्चात? ते म्हणाले, हो, होळीच्या आधी. तुम्हाले सांगतलं नव्हतं का? मी नाही म्हणाले. मग त्यांनी ग्लास खाली ठेवला, पिशवी उचलली आणि ते गेले.

ते गेल्यावर मी तुझी वही काढली. खरं तर ती जुलैतच काढायला हवी होती. तुझ्या वहीत प्रत्येक नोंदीपुढे वेळ, तारेचा नंबर, वाऱ्याचा वेग, खोलीचं तापमान आणि शेवटी कूलर असे रकाने होते. पानामागून पान त्या शेवटच्या रकान्यात तुझ्या अक्षरात "बंद" होतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यातल्या एका दुपारी तो रकाना कोरा दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी "बंद", दुपारी कोरा. तिथून शेवटपर्यंत तसंच. तुला "बंद" लिहवलं नाही आणि "चालू" लिहायचं नव्हतं. मी उघडून पाहीन असं तुला वाटत होतं का?

वहीच्या पहिल्या पानावर ओळ होती: दुसरी तार पहिलीच्या मागे, तीन मिलिमीटर, दुसरा रकाना. मला आठवलं. एप्रिलात तू दारातून सांगितलं होतंस, या खेपेला दोन तारा लावल्या वं. मी "बरं" म्हणाले होते. माझा प्रोग्राम जुना, एका तारेच्या काळातला. तो प्रत्येक फाइलमधला पहिलाच रकाना वाचायचा. दुसरा रकाना फाइलमध्ये महिनोन् महिने पडून होता आणि मी तुझ्याकडे पुरावा मागत होते.

दोन तारा कशाला, हे आपल्या धंद्यातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. खरा झटका असेल तर तो आधी पुढच्या तारेला लागतो आणि वारा जितक्या वेळात तीन मिलिमीटर सरकतो तितक्या वेळाने मागच्या. थेंब मात्र एकाच तारेवर बसतो. तू वाद सुरू होण्याच्या आधीच तो मिटवायची सोय करून ठेवली होतीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रोग्राममधली एक ओळ बदलली. एकच. सकाळच्या नोंदी चालवल्या. मी गाळलेले झटके एकेक करून परत आले, आधी पुढच्या तारेवर, मग हव्या तितक्या वेळाने मागच्या. जवळजवळ सगळे. वारा होता तो, पऱ्हाटीचा. साध्या जाळीपेक्षा फार वेगळा, तू म्हणत होतीस तसाच. मी झाडून टाकलेला तो कचरा हाच निबंध होता.

मग दुपारच्या नोंदी चालवल्या. रकाना भरलेला होता तोपर्यंतच्या दुपारी सकाळसारख्याच, स्वच्छ. जिथे रकाना कोरा होतो तिथून एकेका तारेवरच्या उसळ्या सुरू होतात. थेंब. मी म्हणत होते तेही होते.

कुंदा, पहिल्या कोऱ्या दुपारी थेंब फक्त शेवटच्या दहा मिनिटांत आहेत. त्याआधी काही नाही. दुसऱ्या दिवशी ते निम्म्यातून सुरू होतात. तिसऱ्या दिवशी त्याहून आधी. आठवडा संपेपर्यंत पूर्ण नोंदभर. पारा तेव्हा पंचेचाळिशीला होता. कोणत्या दुपारी तू किती वेळ तग धरलास आणि कधी उठून बटण दाबलंस, हे मला मिनिटांत सांगता येतं. असल्या कामासाठी मी ही पद्धत शिकले नव्हते. आलेख मी दोनदा काढला, चूक असेल म्हणून. चूक नव्हती.

दोघींचंही बरोबर होतं असं म्हणून हे मिटवता येईल. मी मिटवत नाही. तुझ्या दुपारच्या थेंबांच्या नावाखाली मी तुझा सकाळचा वारा फेकला, आणि फेकून त्यावर तुझं नाव घातलं.

रागही आहे, तो लपवत नाही. मी कारण मागत होते तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मला सोसलं नाही, मी कूलर लावला. एवढंच. पऱ्हाटीवर, कापसावर, माझ्या डोक्यावर तू वाटेल ते बोलत होतीस आणि हे एक बोलली नाहीस. माझं काम अडू नये म्हणून, असं दादा म्हणतात. मी त्यावर विचार केला. तू मार्चात सांगितलं असतंस तर मी म्हणाले असते, घरी जा, नोंदी पुढच्या वर्षी घेऊ. असं मला वाटतं. पण मी असंही म्हणाले असते का, की बघ बाई, मेपर्यंत कसंतरी कर, मुलाखत आहे? तू मला पंचवीस वर्षं ओळखत होतीस. तू यातलं कोणतं ऐकू येईल असं धरून चालली होतीस, ते तू सांगितलं नाहीस, आणि मला खात्रीने सांगता येत नाही. हे मला सगळ्यांत जड जातं.

प्रूफ परत पाठवायच्या दिवशी सकाळी मी विभागप्रमुखांना पूर्ण गोष्ट सांगितली. ते म्हणाले, निदान मुलाखतीपर्यंत थांबा. मी म्हटलं, थांबलेच होते. मग खोलीत येऊन संपादकांना मेल लिहिली. नोंदींच्या शुद्धीकरणात गंभीर चूक झाली आहे, निष्कर्ष उलटे आहेत, निबंध छापू नये, मी तो मागे घेते. मुलाखतीच्या यादीतली ती ओळही खोडली. दुपारच्या कोऱ्या रकान्यांच्या सगळ्या नोंदी विश्लेषणातून काढल्या. नवा निबंध लिहायला घेतलाय आणि त्यात या नोंदींबद्दल एकच वाक्य आहे: काही दुपारच्या नोंदींत कूलरचे थेंब आढळल्याने त्या वापरलेल्या नाहीत. त्याहून जास्त तू लिहू दिलं नसतंस.

संपादकांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. कारण त्यांना पटलं होतं. एक औपचारिक बाब राहिली होती. निबंध दोन लेखिकांचा आहे, तेव्हा तो मागे घ्यायलाही दोघींची संमती लागेल. दुसऱ्या लेखिकेची आहे का?

मी लिहिलं: दुसऱ्या लेखिकेचं दोन आठवड्यांपूर्वी निधन झालं. निबंध पाठवायलाच तिची संमती नव्हती. ती आहे असं मी कळवलं होतं. ते खोटं होतं.

खाली माझं एकटीचं नाव घातलं आणि पाठवून दिलं.